बास्केटबॉल संघाचा बचाव फुटतोय? दुरुस्ती या क्रमाने करा

लागोपाठ तीन-चार सामन्यांत समोरच्या संघाने सत्तर-ऐंशी गुण चढवले की नव्या प्रशिक्षकाच्या मनात पहिला विचार येतो तो झोनचा, म्हणजे प्रत्येकाने माणसाऐवजी कोर्टाचा ठरावीक भाग सांभाळायचा. मॅन-टू-मॅन, म्हणजे एकास एक बचाव, जमत नाही ना, मग २-३ (पुढे दोघे, मागे तिघे) लावू. दुसरा विचार फुल कोर्ट प्रेसचा, म्हणजे कोर्टभर दबाव टाकण्याचा. दोन्ही बचाव चांगलेच आहेत. पण गुण नेमके कुठून जाताहेत हे न बघता पद्धत बदलली, तर गळती तशीच राहते आणि खेळाडू मात्र नव्या जागा पाठ करण्यात गोंधळतात. नव्याने संघ हाती घेतलेल्यांनी काय आधी बघावे आणि काय नंतर, तो क्रम इथे दिला आहे. नियम फिबाचे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे) धरले आहेत: १० मिनिटांचे चार क्वार्टर, २४ सेकंदांचा शॉट क्लॉक आणि ६.७५ मीटरवर तीन गुणांची रेषा.

१. आधी गुणांचा हिशेब मांडा

पुढच्या सामन्यात सहायकाला किंवा एखाद्या राखीव खेळाडूला वही-पेन घेऊन बसवा. वहीत चार रकाने आखा. पहिला फास्ट ब्रेकचा, म्हणजे तुमचा बचाव लागण्याआधीच झालेले गुण. दुसरा दुसऱ्या संधीचा, म्हणजे त्यांनी आपल्याच चुकलेल्या शॉटचा रिबाउंड उचलून केलेले. तिसरा फ्री थ्रोचा. चौथा हाफ कोर्टचा, म्हणजे तुमचे पाचही खेळाडू जागेवर असताना झालेल्या बास्केटचा. प्रत्येक गुण एकाच रकान्यात जाईल याची काळजी घ्या. चौथ्या रकान्यात आणखी एक खूण करायची: बास्केट ड्राइव्हवर (ड्रिबल करत रिंगकडे घुसून) झाली, स्क्रीनवर (सहकाऱ्याने बचावपटूची वाट अडवल्यामुळे) झाली, पोस्टमध्ये (रिंगजवळ) झाली की बाहेरून मोकळा शॉट मिळाला.

सोबत समोरच्या संघाची पझेशन, म्हणजे बॉल ताब्यात असण्याच्या पाळ्या, मोजा. ती प्रत्यक्ष मोजत बसण्यापेक्षा हिशेबाने काढणे सोपे: शॉटचे प्रयत्न, अधिक फ्री थ्रोच्या प्रयत्नांची ०.४४ पट, वजा त्यांचे आक्रमक रिबाउंड, अधिक त्यांचे टर्नओव्हर. समजा त्यांनी ६२ शॉट मारले, २० फ्री थ्रो घेतले, १२ आक्रमक रिबाउंड उचलले आणि ११ वेळा बॉल गमावला. ६२ + ८.८ − १२ + ११, म्हणजे साधारण ७० पझेशन. त्यात त्यांनी ७७ गुण केले असतील तर पझेशनमागे १.१ गुण गेले. हाच आकडा दर सामन्याला लिहून ठेवायचा. नुसती गुणसंख्या फसवते, कारण वेगवान सामन्यात दोन्ही संघांचे गुण वाढतात आणि संथ सामन्यात वाईट बचावही झाकला जातो.

आता त्या ७७ गुणांची फोड अशी निघाली समजा: फास्ट ब्रेक २२, दुसरी संधी १४, फ्री थ्रो १३, हाफ कोर्ट २८. हे बघून झोन लावावासा वाटेल का? ३६ गुण बचाव लागण्याआधी किंवा शॉट चुकल्यानंतर गेले आहेत. झोन त्यातला एकही वाचवणार नाही. उलट झोनमध्ये कोणी कोणाला बॉक्स आउट करायचे (अंगाने अडवून रिबाउंडपासून दूर ठेवायचे) हे ठरलेले नसते, त्यामुळे दुसऱ्या संधीचे गुण वाढण्याचीच शक्यता जास्त. हरणाऱ्या संघाच्या वहीत असे चित्र वारंवार दिसते, म्हणून पुढचा क्रमही तसाच लावला आहे. तुमच्या वहीत वेगळे दिसले तर सर्वांत मोठ्या रकान्यापासून सुरुवात करा.

२. परतीची धाव

फास्ट ब्रेकचे गुण जातात ते बहुतेक वेळा वेग कमी पडल्यामुळे जात नाहीत. आपला शॉट सुटला की तो पडतो का हे बघत तिघेजण जागच्या जागी उभे राहतात, हे खरे कारण. शॉट मारणारा तर आपल्याच शॉटकडे सर्वांत जास्त वेळ बघतो.

नियम आधी ठरवून द्या. शॉट सुटताक्षणी पॉइंट गार्डने (बॉल पुढे आणणाऱ्या खेळाडूने) मध्यरेषेच्या मागे जायचे. दुसरा गार्ड तीन गुणांच्या रेषेबाहेर निघून परतीच्या तयारीत राहील. बाकी तिघांनी रिबाउंडला जायचे. संघ फारच मार खात असेल तर काही सामने दोघांनाच रिबाउंडला पाठवा. दोन-तीन आक्रमक रिबाउंड कमी मिळतील, पण सोपे ले-अप थांबतील. हा सौदा परवडतो.

बॉल गेला की पहिली तीन पावले पूर्ण ताकदीने, मान न वळवता. त्यानंतर धावता धावता खांद्यावरून बॉल बघायचा. धाव कोर्टाच्या मधून, थेट आपल्या पेंटकडे (रिंगसमोरच्या आयताकडे). आपला माणूस शोधत साइडलाइनला जायचे नाही. पहिला पोहोचणारा रिंगसमोर उभा राहतो. दुसरा बॉल अडवतो, तोही तीन गुणांच्या रेषेच्या वरच. तिसरा पेंटमध्ये येतो आणि मग बाहेरच्या जवळच्या शूटरकडे सरकतो. आधी रिंग, मग बॉल, मग माणसे. हा क्रम उलटला की दोघे बॉलकडे धावतात आणि रिंगखाली कोणीच उरत नाही.

सरावासाठी एक ड्रिल पुरेसे आहे. पाच आक्रमक बेसलाइनवर (रिंगमागच्या रेषेवर), त्यांच्यासमोर फ्री थ्रो रेषेच्या उंचीवर पाच बचावपटू. प्रशिक्षक एका आक्रमकाला पास देतो. त्याच्या समोरच्या बचावपटूने आधी बेसलाइनला पाय लावायचा आणि मगच मागे धावायचे. तोपर्यंत पाच विरुद्ध चार असा खेळ दुसऱ्या रिंगकडे सुरू झालेला असतो. चौघांनी बॉल थोपवून पाचवा येईपर्यंत तग धरायचा. रोज ८ ते १० मिनिटे, पूर्ण वेगात. थकल्यावर पाय ओढत केलेले ड्रिल चुकीची सवय लावते, त्यामुळे वेग पडला की थांबवा.

एक गोष्ट इथेच तपासा. फास्ट ब्रेकमधले किती गुण तुमच्या टर्नओव्हरवर झाले? कोर्टाच्या वरच्या भागात एका गार्डने दुसऱ्याला दिलेला आडवा पास अडवला गेला की पुढे मोकळे मैदान असते, तिथे कुठलाच बचाव पुरत नाही. तो दोष आक्रमणाचा आहे. पास देण्याआधी ड्रिबलने कोन बदलायला आणि पास घेणाऱ्याला बॉलच्या दिशेने यायला शिकवा.

३. बॉलवरचा माणूस

पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त रुंद, कंबर खाली, पाठ सरळ, डोके दोन्ही पायांच्या मध्ये. अंतर एका हाताचे. समोरचा तुमच्यापेक्षा चपळ असेल तर अर्धे पाऊल मागे. नजर त्याच्या कमरेवर ठेवायची, कारण बॉल, डोळे आणि खांदे फसवतात, कंबर फसवत नाही.

यापेक्षा महत्त्वाचा निर्णय प्रशिक्षकाचा आहे: बॉल कोणत्या दिशेला ढकलायचा? संपूर्ण संघाला एकच उत्तर द्या. काही संघ बॉल मुद्दाम मधल्या गर्दीकडे वळवतात, आणि ती पद्धत चालतेही, पण त्यासाठी सगळ्यांच्या जागा पक्क्या असाव्या लागतात. नव्या संघाने मधला रस्ता बंद करून बॉल साइडलाइन-बेसलाइनकडे ढकलावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. बॉल मध्ये गेला की पास दोन्हीकडे जाऊ शकतो आणि मदत कोणी करायची हेच कळत नाही. बाजूला गेला की पुढची चाल ओळखता येते. त्यासाठी कोर्टाच्या मध्याकडचा पाय पुढे ठेवायचा, म्हणजे शरीराने तो रस्ता आपोआप झाकला जातो.

मोकळ्या शूटरकडे धावत जाणे, म्हणजे क्लोजआउट, याला वेगळा वेळ द्या. अंतराचा दोन तृतीयांश भाग पूर्ण वेगाने, उरलेला छोट्या छोट्या पावलांनी, वजन मागे, एक हात वर. शेवटपर्यंत वेगात गेलेला बचावपटू एका पंप फेकवर (शॉटच्या हुलकावणीवर) हवेत जातो आणि मागे पेंट उघडा पडतो. समोरचा बाहेरून शॉट मारत नसेल तर त्याच्यापासून दीड मीटरवरच थांबायचे.

४. मदत कोण, कुठून, कधी

हाफ कोर्टमधले निम्म्याहून जास्त गुण ड्राइव्हवर जात असतील तर बॉलवरच्या खेळाडूला रागावून उपयोग नाही. चांगला ड्रिबलर कोणालाही कधी ना कधी चुकवतोच. तेव्हा दुसरा माणूस आधीच रस्त्यात होता का, हे बघायचे.

यासाठी चार विरुद्ध चार शेल ड्रिल. दोन आक्रमक वर, दोन खाली कोपऱ्यांकडे. बॉल उजव्या बाजूला खालच्या खेळाडूकडे आहे असे धरा. त्याच्यावर अ. उजव्या वरच्या खेळाडूवर ब, तो पासच्या रेषेत एक हात घालून, पण आपल्या माणसापासून एक पाऊल बॉलकडे सरकलेला. डाव्या वरच्या खेळाडूवर क आणि डाव्या कोपऱ्यातल्यावर ड. या दोघांची माणसे बॉलपासून दोन पास दूर आहेत, म्हणून दोघेही दोन रिंगांना जोडणाऱ्या काल्पनिक मधल्या रेषेवर यायला हवेत. ड चे दोन्ही पाय पेंटमध्ये. एक हात बॉलकडे, दुसरा आपल्या माणसाकडे रोखलेला, म्हणजे मान न फिरवता दोघे दिसतात. फिबाच्या नियमांत तीन सेकंदांची मर्यादा आक्रमकांना आहे, बचावपटू पेंटमध्ये हवा तितका वेळ थांबू शकतो. एनबीएमध्ये तसे नाही, त्यामुळे तिथले व्हिडिओ बघून ड ची जागा शिकवू नका.

आता उजवीकडून बेसलाइन ड्राइव्ह सुटला. ड ने आपला माणूस सोडून बॉलला पेंटच्या बाहेर, उजव्या ब्लॉकजवळ (पेंटच्या कडेवरच्या, रिंगजवळच्या खुणेपाशी) गाठायचे. क खाली येऊन ड च्या सोडलेल्या माणसाची वाट आणि रिंगसमोरची जागा सांभाळतो. ब वरच्या दोन्ही आक्रमकांच्या मध्ये येतो. अ मागून दार बंद करतो. बॉल डाव्या कोपऱ्यात फेकला गेला तर क क्लोजआउट करतो, ब वरच्या डाव्या खेळाडूकडे जातो, ड परत सरकून शेवटी मोकळा उरलेला माणूस घेतो. शिकवताना हे सगळे आधी चालत करून घ्या.

बिघडते ते तीन ठिकाणी. ड रिंगखाली थांबून वाट बघतो, ड्रिबलर उडी मारल्यावर त्याच्या अंगावर जातो आणि फाउल होतो. उपाय एकच, पेंटबाहेर गाठायचे. दुसरी चूक, बॉलच्याच बाजूच्या कोपऱ्यातला बचावपटू मदतीला जातो आणि मागे सोपा तीन गुणांचा शॉट सोडतो. त्या कोपऱ्यातून मदत नाही, हा नियम पक्का करा. तिसरी चूक सर्वांत जास्त दिसते आणि सर्वांत कमी पकडली जाते: बॉल पोहोचल्यावर सगळे हलतात. पास हवेत असतानाच चौघांनी हलायचे, म्हणजे बॉल हातात पडेपर्यंत नवीन जागा घेतलेली असते. व्हिडिओ पास अर्ध्या वाटेत असताना थांबवा आणि कोणाचे पाय अजून जमिनीला चिकटलेले आहेत ते खेळाडूंनाच दाखवा. त्या एका चित्राने पुष्कळ काम होते.

शेलचा चढता क्रम असा ठेवा. आधी फक्त पास, प्रत्येक खेळाडूने बॉल दोन सेकंद धरायचा. मग ठरवून बेसलाइन ड्राइव्ह. मग पास देऊन कट (बॉलशिवाय रिंगकडे धाव). मग स्क्रीन. शेवटी खुला खेळ, रिबाउंड हातात येईपर्यंत. एका सरावात १० ते १२ मिनिटांपेक्षा जास्त नको. आणि आवाज हवाच: बॉलवरचा ‘बॉल, बॉल’, मदतीचा ‘हेल्प आहे’, कट दिसला की ‘कट’. शांतपणे केलेले शेल मी मोजत नाही, असे पहिल्याच दिवशी सांगून टाका.

५. बॉलवरची स्क्रीन

इथे नवे प्रशिक्षक चार पद्धती एकदम शिकवतात आणि एकही नीट जमत नाही. एक मुख्य आणि एक पर्यायी, एवढेच निवडा.

तुमचा सेंटर उंच पण हळू असेल तर ड्रॉप. तो स्क्रीनपासून दोन-तीन पावले मागे, फ्री थ्रो रेषेच्या खाली थांबतो, बॉल आणि रिंगकडे धावणारा स्क्रीनर यांच्या मध्ये. गार्डने स्क्रीनच्या वरून, ड्रिबलरला चिकटून जायचे. यात मधल्या अंतरावरचा शॉट सुटतो, आणि तो सोडायचाच असतो. ड्रिबलर बाहेरून शॉट मारत नसेल तर गार्डने स्क्रीनच्या खालून जावे, त्रास कमी. पाचही जण साधारण एकाच उंचीचे आणि चपळ असतील तर स्विच, म्हणजे माणसांची अदलाबदल. स्विचनंतर छोटा खेळाडू पोस्टमध्ये मोठ्यासमोर अडकला तर त्याने मागे न उभे राहता पासच्या रेषेत, पुढे यायचे. डोक्यावरून येणारा पास हेल्प साइडचा (बॉलपासून दूरच्या बाजूचा) माणूस बघेल.

कोणतीही पद्धत घ्या, हाक स्क्रीनरच्या बचावपटूची आणि ती स्क्रीन लागण्याआधी: ‘स्क्रीन उजवी’. गार्ड स्क्रीनवर आपटून थांबतो तेव्हा दोष बहुधा त्याच्या पायांचा नसतो, हाक उशिरा आलेली असते. दुसरा नेहमीचा बिघाड म्हणजे दोघेही बॉलसोबत जातात आणि स्क्रीनर एकटा रिंगकडे सुटतो. पद्धत आधी ठरलेली नसली की हमखास असे होते.

६. रिबाउंड आणि फाउल

समोरच्या संघाचे जितके शॉट चुकले आणि बोर्डवर उरले, त्यातले ७० टक्के तरी तुमच्या हातात यावेत. शॉट सुटला की बॉलकडे बघण्याआधी आपल्या माणसाला अंगाने गाठायचे, वळायचे, कंबर खाली घालून त्याला पाठीवर धरायचे आणि मग बॉल. गार्डही यातून सुटत नाहीत. लांबचे शॉट लांब उडतात आणि ते रिबाउंड बाहेर उभे असलेल्यांच्या वाट्याला येतात. बाजूने मारलेला चुकलेला शॉट बहुतेक वेळा समोरच्या बाजूला पडतो, तिथे एक माणूस आधीच असू द्या. सरावात तीन विरुद्ध तीन खेळवा आणि बॉल जमिनीवर एकदा टप्पा खाईपर्यंत कोणी उचलायचा नाही असा नियम ठेवा. बॉक्स आउट केले की नाही हे त्या टप्प्यातच कळते.

क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पुढच्या बचावातल्या प्रत्येक फाउलला दोन फ्री थ्रो जातात, आणि पाच वैयक्तिक फाउलवर खेळाडू बाहेर. यातले बरेच फाउल हाताने होतात: मागे पडल्यावर वरून खाली मारलेला हात. सरावात एकास एक खेळताना हात पाठीमागे बांधून फक्त पायांनी बचाव करायला लावा. रिंगजवळ हात सरळ वर आणि उडी जागच्या जागी. पुढे झुकलेला हात फाउल देतो, सरळ वर गेलेला देत नाही.

७. झोन कधी?

वरचे सगळे करूनही हाफ कोर्टचा रकाना मोठाच राहिला, समोरचा संघ बाहेरून कच्चा असेल किंवा तुमचे मुख्य खेळाडू फाउलमध्ये अडकले असतील, तर २-३ झोन जरूर वापरा. बऱ्याच ठिकाणी लहान वयोगटाच्या स्पर्धांत झोनला बंदी असते, नियमपत्रक आधी वाचा.

झोनचा जीव दोन जागांत आहे. पहिली फ्री थ्रो रेषेचा मध्य. तिथे बॉल गेला की पाचही जण आत ओढले जातात, म्हणून पुढच्या दोन गार्डपैकी बॉलपासून लांबचा तिथे थांबतो. दुसरी जागा विंग, म्हणजे फ्री थ्रो रेषेच्या उंचीवरची बाहेरची बाजू. पहिला पास विंगला गेला की तिथे गार्ड जायचा की खालचा फॉरवर्ड, हे ठरलेले नसेल तर दोघे जातात किंवा कोणीच जात नाही. सोपा नियम: खालचा फॉरवर्ड आधी निघतो, गार्ड पोहोचला की त्याला परत पाठवतो. बॉल कोपऱ्यात गेला तर फॉरवर्ड बॉलवर, सेंटर त्याच बाजूच्या ब्लॉकवर, दुसरा फॉरवर्ड रिंगसमोर. शॉट सुटला की प्रत्येकाने आपल्या भागातला सर्वांत जवळचा माणूस गाठायचा. दोन सरावांत शिकवलेला झोन सामन्यात उघडा पडतो, त्याला किमान दोन आठवडे द्या.

८. सामना चालू असताना

पहिल्या हाफमध्ये दोन टाइमआउट, दुसऱ्यात तीन, आणि चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत त्यातले जास्तीत जास्त दोन. समोरच्याने सलग ६ ते ८ गुण केले की एक खर्च करा. त्या एका मिनिटात एकच सूचना द्यायची: ‘बॉल मध्ये जातोय, पाय बदला.’ तीन सूचना दिल्या तर एकही कोर्टवर जात नाही. पद्धत बदलण्याआधी माणसे बदलून बघा. समोरचा मुख्य ड्रिबलर तुमच्या सर्वोत्तम बचावपटूकडे द्या आणि थकलेल्या गार्डला तीन मिनिटे बसवा. मॅन-टू-मॅनमधून झोनवर जायचे असेल तर तुमची बास्केट झाल्यावर किंवा खेळ थांबलेला असताना जा. चालू खेळात ओरडून बदल केला की तिघे झोनमध्ये असतात आणि दोघे माणसांवर.

९. पुढचे तीन सामने

एका वेळी एकच दुरुस्ती. पहिल्या आठवड्यात परतीची धाव आणि बॉलवरचा बचाव, दुसऱ्यात शेल, तिसऱ्यात स्क्रीन. रिबाउंड आणि फाउल प्रत्येक ड्रिलमध्ये मोजायचे. सरावाच्या शेवटी पाच विरुद्ध पाच खेळवा. सलग तीन स्टॉप मिळाले तरच बचाव करणाऱ्यांची सुटका. स्टॉप म्हणजे गुण नाही, फाउल नाही आणि रिबाउंड हातात.

वही तीच ठेवा. तीन सामन्यांनंतर फास्ट ब्रेकचे गुण २२ वरून १२ वर आले आणि हाफ कोर्टचे २८ वरून ३६ वर गेले, तर घाबरून पुन्हा पद्धत बदलू नका. समोरच्या संघाला धावून गुण मिळेनासे झाले की त्यांची जास्त पझेशन हाफ कोर्टमध्ये खेळली जातात आणि त्या रकान्यातले गुण वाढणारच. एकूण पझेशनमागचे गुण १.१ वरून एकच्या आसपास उतरले असतील तर काम बरोबर चालू आहे. मग चौथ्या रकान्यातल्या खुणा वाचा: सर्वांत जास्त ड्राइव्हच्या असतील तर शेल आणखी एक आठवडा, स्क्रीनच्या असतील तर हाक कोण विसरतोय ते नाव शोधून काढा.